शेवंतीचा बुडखा हिवाळ्यातून पार कसा न्यावा

फुलं सुकली, पानं खालून काळी पडत वर चढली, काड्या वाळून खडखडीत झाल्या, की बऱ्याच शेवंत्या कचऱ्यात जातात. झाड मेलं असंच वाटतं. पण टाकण्याआधी काडीच्या बुडाशी माती बोटाने दोन पेरं उकरून बघा. पांढरट-हिरवे, टोकदार कोंब दिसतील. जपानी बागाईतदारांनी त्यांना 'तोजिमे' असं नाव दिलंय, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सुमाराचा कोंब. मराठीत कुणी त्यांना मुनवे म्हणतं, कुणी काश्या, रोपवाटिकेत सकर म्हणतात. पुढच्या वर्षी फुलणार आहेत ते हेच. वरची काडी एका हंगामाची असते, बुडखा मात्र वर्षानुवर्षं फुटत राहतो, उसाच्या खोडव्यासारखा. हिवाळ्यात आपण जे काही करायचं ते या बुडख्यासाठी.

थंडी चालते, ओल चालत नाही

शेवंतीला थंडीपासून वाचवायचं म्हणून कुंडी उबदार खोलीत नेऊन ठेवणं ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक. पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं. कोंब भराभर वाढले, पिवळट आणि दोऱ्यासारखे बारीक झाले, त्यांवर मावा पडला आणि थंडी संपेपर्यंत एकही धड उरला नाही.

या झाडाला थंडीची गरज असते. उन्हाळ्याची उष्णता सोसून आलेले नवे कोंब अनेक जातींत जमिनीला बिलगून, पानांच्या चकतीसारखे बसून राहतात. पाणी द्या, खत द्या, ते उंच होत नाहीत. साधारण 0 ते 5 अंश सेल्सिअसच्या थंडीत चार-सहा आठवडे गेले की ही बैठक मोडते आणि नंतरच्या उबेत तोच कोंब जोमाने वर निघतो. म्हणजे थंडीचा काळ झाडाच्या दृष्टीने वाया जात नाही, त्यात पुढच्या वाढीची तयारी होत असते.

बुडखा मरतो तो बहुधा थंडी आणि ओल एकत्र आल्यावर. गार मातीत मुळं जवळजवळ पाणी ओढत नाहीत. आपण दिलेलं पाणी तिथेच साचतं, मातीतल्या पोकळ्यांतली हवा जाते आणि मुळं गुदमरून कुजतात. दुसरं कारण जिथे जमीन गोठते तिथलं. माती रात्री गोठून फुगते, दिवसा वितळून बसते, आणि या रोजच्या खेचाखेचीत उथळ मुळांचा बुडखा हळूहळू जमिनीबाहेर ढकलला जातो. उघडी पडलेली मुळं वाऱ्याने वाळतात. आच्छादन घालायचं ते याच्यासाठी. झाडाला ऊब देणं हा त्याचा हेतू नाही, मातीचं तापमान सारखं वरखाली होऊ नये एवढंच त्याने साधायचं असतं.

फुलं झाडावर असतानाच

हिवाळ्याचं पहिलं काम भर बहरात करायचं: प्रत्येक झाडाला पाटी लावायची. फुलं गेल्यावर सगळे बुडखे एकसारखे दिसतात आणि पिवळी कुठली, जांभळी कुठली हे कुणालाही सांगता येत नाही. पाटीवर पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई उन्हापावसात उडते, पेन्सिल टिकते. रंगाबरोबर उंची, फुलायची वेळ आणि झाड निरोगी होतं का, हेही टिपून ठेवा.

यातली शेवटची नोंद सर्वांत मोलाची. कोणता बुडखा ठेवायचा आणि कोणता टाकायचा हा निर्णय बहरातच घ्यावा लागतो, कारण काही दुखणी नंतर दिसत नाहीत. एखादं झाड त्याच जातीच्या इतर झाडांच्या निम्मं-पाऊणच वाढलं, पानं फिकट आणि लहान राहिली, फुलं आधीच आली आणि तीही बारकी, तर त्याला बहुधा खुजेपणाचा व्हायरॉइड लागलेला असतो. विषाणूहूनही लहान अशी ही गोष्ट कात्रीने, चाकूने, हातानेही एका झाडावरून दुसऱ्यावर जाते. त्यावर औषध नाही. फूल कितीही आवडतं असलं तरी ते झाड मुळासकट काढून टाका. बागेतल्या इतर शेवंत्यांवर याहून मोठा उपकार नाही.

कळ्यांना रंग दिसू लागला की नत्राचं खत बंद. उशिरा दिलेल्या नत्राने कोवळी, पाणीदार वाढ होते आणि ती थंडीत सगळ्यांत आधी काळवंडते. हिवाळाभर खताचं नाव काढायचं नाही.

काड्या कापायच्या की ठेवायच्या

यावर बागकाम करणाऱ्यांत दोन तट आहेत आणि दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. फरक हिवाळ्यात आहे.

जमीन गोठते तिथे काड्या तशाच उभ्या ठेवाव्यात. वाळक्या काड्यांत पालापाचोळा आणि बर्फ अडकतो आणि बुडख्यावर आपसूक पांघरूण तयार होतं. शिवाय कापलेल्या पोकळ काडीतून पाणी सरळ बुडख्यात उतरतं, तोही धोका टळतो. पण सुकलेली फुलं मात्र खुडा, कारण ओल्या हवेत त्यांच्यावर करडी बुरशी येते आणि ती खाली उतरते. जमिनीवर पडलेली रोगट पानंही वेचून टाका.

थंडी सौम्य असेल, किंवा कुंडी छपराखाली नेणार असाल, तर काड्या जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटरवर कापा. अगदी मातीलगत कापू नका. एक तर कोंबांना इजा होते, आणि दुसरं म्हणजे बुडखा कुठे आहे हे नंतर कळत नाही.

कापताना हातमोजे घाला. शेवंतीच्या चिकात असलेल्या काही द्रव्यांमुळे अनेकांच्या कातडीवर पुरळ उठतं आणि वर्षानुवर्षं हाताळणाऱ्यांना हा त्रास वाढत जातो. मांजर-कुत्रं घरात असेल तर कापलेला पाला त्यांच्या तोंडी लागणार नाही असा टाका, त्यांना तो बाधतो.

जमीन गोठते तिथे

वाफ्यातल्या झाडांना आच्छादन घालायची घाई करू नका. पहिल्या गार वाऱ्यालाच पेंढा घातला तर खालची माती उबदार राहते, कोंब फसतात, वाढायला लागतात आणि पुढच्या कडाक्यात मरतात. वरची पानं थंडीने काळी पडून लोळली आणि मातीचा वरचा थर एकदा कडक झाला, की मग 10 ते 15 सेंटिमीटर जाडीचा थर द्या. पेंढा, वाळलं गवत, सूचिपर्णी झाडांच्या डहाळ्या चांगल्या, कारण त्यांत हवा खेळती राहते. रुंद पानांचा पाचोळा ओला झाला की चपात्यांच्या चवडीसारखा दबून बसतो आणि खाली कुजका ओलावा धरतो. तोच हाताशी असेल तर आधी डहाळ्या आणि वर पाचोळा घाला.

हिवाळ्यात मधूनच उबदार दिवस आला की वाफ्यावरून एक फेरी मारा. एखादा बुडखा वर आलेला दिसला तर पायाने नका दाबू, हाताने बसवा आणि वर ओंजळभर माती घाला.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. भर फुलांत असताना विकत आणून उशिरा लावलेलं झाड अशा थंडीत क्वचितच तगतं. त्याची सगळी ताकद फुलांत गेलेली असते, मुळं कुंडीच्या आकारातच गुंडाळलेली असतात आणि नव्या मातीत शिरायला त्यांना वेळच मिळत नाही. जमीन गोठायच्या निदान सहा आठवडे आधी लावता येत नसेल तर ते जमिनीत लावू नका. लावायचंच असेल तर फुलं खुडून टाका. ते करणं जिवावर येतं खरं, पण मुळं त्याशिवाय सुटत नाहीत.

कुंडीतलं झाड

जमिनीतल्या मुळांना थंडी फक्त वरून लागते, कुंडीतल्या मुळांना चारही बाजूंनी. म्हणून जी जात वाफ्यात सहज तगते तीच कुंडीत मरू शकते. कडाक्याच्या थंडीत कुंडी अशा जागी हलवा जिथे पारा साधारण 0 ते 7 अंशांच्या दरम्यान राहील: न तापवलेली खोली, जिन्याखालची जागा, आतल्या बाजूचा आडोसा. झाड पूर्ण निजलेलं असेल तर अंधारही चालतो. पारा 10 अंशांवर जात असेल तर मात्र उजेड हवाच, कारण कोंब वाढणार आणि अंधारात ते पांढरे पडणार.

पाणी किती? इथेच बहुतेकांचा हात सैल सुटतो. निजलेल्या झाडाला तीन-चार आठवड्यांतून एकदा, तेही माती जेमतेम दमट राहील इतकंच. ठरावीक वाराला पाणी घालू नका, कुंडी उचलून बघा. कोरड्या कुंडीचं आणि ओल्या कुंडीचं वजन हाताला आठवडाभरात ओळखू येतं. पूर्ण कोरडी ठणठणीतही होऊ देऊ नका, कारण कोंब बारीक असतात आणि वाळले की परत येत नाहीत. कुंडीखालच्या ताटलीत पाणी कधीही साचू देऊ नका. खरं तर हिवाळ्यात ती ताटली काढूनच ठेवा आणि कुंडी दोन विटांच्या तुकड्यांवर टेकवा.

आत नेण्यासाठी जागाच नसेल तर सगळ्या कुंड्या भिंतीच्या आडोशाला एकमेकींना चिकटवून ठेवा, भोवती पेंढा किंवा पोतं गुंडाळा, वरून पाऊस-बर्फ सरळ पडणार नाही एवढं छप्पर करा. प्लास्टिकने घट्ट झाकू नका. आत घाम सुटतो आणि बुरशी माजते.

बुडखे उचलून पेटीत ठेवण्याची रीत

ज्यांच्याकडे निवडक, नाजूक किंवा मोठ्या फुलांच्या जाती आहेत त्यांनी हा मार्ग घ्यावा. मेहनत थोडी जास्त, पण पुढच्या वर्षीची रोपं हमखास.

फुलं संपली की काडी 15 सेंटिमीटरवर कापा आणि बुडखा खुरप्याने सैल करून मुळांसकट उचला. वर निघालेले हिरवे, लांबडे फुटवे कापून टाका. ते उन्हाळ्याची उष्णता पाहिलेले, दमलेले असतात. आपल्याला थंडीनंतरचे ताजे हवेत. माती झटका, मुळं पाण्यात धुवा आणि लोंबणारी मुळं कातरून मुठीएवढा गोळा ठेवा. धुण्याने मातीबरोबर गोगलगाईंची अंडी आणि किडेही जातात.

मागच्या हंगामात पानांवर शिरांच्या मधे पाचरीच्या आकाराचे तपकिरी-काळे डाग पडून पानं खालून वर वाळत गेली असतील तर ते पानातल्या सूत्रकृमीचं काम असू शकतं. हे डोळ्यांना न दिसणारे कृमी निजलेल्या कोंबांत आणि वाळल्या पानांत हिवाळा काढतात. यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे गरम पाणी. धुतलेला बुडखा 46 अंश सेल्सिअसच्या पाण्यात पूर्ण बुडवून 5 मिनिटं ठेवायचा आणि लगेच गार पाण्यात टाकायचा. थर्मामीटरशिवाय हे करू नका. दोन अंश कमी असेल तर कृमी जगतात, दोन अंश जास्त असेल तर बुडखा शिजतो. भांडं मोठं घ्या म्हणजे बुडखा टाकल्यावर पाणी एकदम गार होणार नाही.

नंतर उथळ पेटीत निम्मी वाळू किंवा परलाइट (रोपवाटिकेत मिळणारे पांढरे, हलके खडे) मिसळलेली भुसभुशीत माती घ्या. बुडखे एकमेकांना न चिकटता, आधी जेवढे मातीत होते तेवढेच खोल बसवा. माथा पुरू नका, कुजतो. पाटी त्याच्याबरोबर आली का ते बघा! एकदा पाणी देऊन पेटी गार, उजेडाच्या, वारा खेळणाऱ्या पण न गोठणाऱ्या जागी ठेवा. त्यानंतर जवळजवळ कोरडंच. आठवड्यातून एकदा सगळ्या पेट्यांवरून नजर फिरवा. काळं पडलेलं पान, बुरशीचा ठिपका, मऊ झालेली काडी दिसली की त्याच वेळी काढा.

थंडी सौम्य असते तिथे

जिथे पारा शून्याजवळही जात नाही तिथे वरचे निम्मे नियम लागू होत नाहीत. झाड तिथे बऱ्याचदा हिवाळ्यातच फुलतं आणि बहर ओसरताच बुडाशी फुटवे दाटीने येतात. इथे झाड पूर्ण निजत नाही, म्हणून कुंडी उन्हातच राहू द्या. निदान पाच-सहा तासांचं ऊन हवं. पाणी सकाळी, मातीचा वरचा थर कोरडा झाल्यावर, आणि पानांवर न उडवता बुडाशी द्या.

अशा ठिकाणची खरी अडचण वेगळी आहे. शेवंती लहान दिवसांची, म्हणजे नेमकं सांगायचं तर मोठ्या रात्रीची वनस्पती. रात्र पुरेशी लांब आणि हवा बेताची उबदार असली की तिला कळी धरायची घाई होते, मग फुटवा बोटभर का असेना. हिवाळ्यात वेगळे केलेले इवलेसे फुटवे कळीवर येताना बघून लोक हरखतात. पण ती कळी ठेवली तर रोप तिथेच खुंटतं. कळ्या दिसताच शेंड्यासकट खुडा. आणि रोपं जास्त असतील तर मध्यरात्रीच्या सुमारास तीन-चार तास साधा दिवा त्यांच्यावर लावा. लांब रात्रीचे दोन तुकडे झाले की झाड तिला छोटी रात्र समजतं आणि कळीऐवजी पानं वाढवतं. व्यावसायिक फुलशेतीत नेमकं हेच करतात. हीच गोष्ट उलटीही लागू पडते: अंगणातल्या दिव्याच्या उजेडात रात्रभर उभी असलेली शेवंती फुलायला उशीर करते किंवा फुलतच नाही. तिचं खत बदलून उपयोग नाही, जागा बदला.

भेट आलेली कुंडी

गोल, बुटकी, फुलांनी गच्च भरलेली कुंडी घरी येते आणि पुढच्या वर्षी तीच शेवंती गुडघ्याच्या वर जाते. जात बदललेली नसते. विक्रीसाठी वाढवताना तिला वाढ रोखणारं औषध दिलेलं असतं, त्याचा अंमल संपतो आणि झाड आपल्या मूळ उंचीला येतं. शिवाय त्या कुंडीत एक झाड नसून चार-पाच कटिंगं शेजारी शेजारी लावलेली असतात. बहर संपल्यावर गोळा बाहेर काढून ती वेगळी करा, प्रत्येकाला स्वतंत्र कुंडी द्या. या जातींत बुडाशी फुटवे कमी येतात, त्यामुळे त्या कडक थंडीत बाहेर सहसा टिकत नाहीत. त्यांना आडोशालाच ठेवा.

हिवाळ्यात डोळ्यांत तेल घालून बघायचं ते

काळा मावा कोवळ्या शेंड्यांवर दाटीने बसतो. थोडा असेल तर बोटांनी पुसून काढा, जास्त असेल तर साबणाचं पातळ पाणी फवारा आणि तासाभराने धुवा. कोरड्या, उबदार खोलीत लाल कोळी येतो, पान मागून बघितलं की बारीक जाळी दिसते. कुंडी गार जागी नेली की त्याचा जोर ओसरतो.

पांढरा तांबेरा मात्र गांभीर्याने घ्या. पानावर वरून फिकट पिवळे ठिपके आणि त्याच जागी खालून आधी गुलाबीसर, मग पांढरे फुगीर फोड, अशी त्याची खूण. गार आणि दमट हवा त्याला मानवते, पानं काही तास ओली राहिली तरी त्याला पुरतं, आणि बुडख्यात लपून तो हिवाळा काढतो. काही देशांत त्याची खबर कृषी खात्याला देणं बंधनकारक आहे. लागण झालेलं झाड खतखड्ड्यात टाकू नका.

कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करा. एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी, त्यात पातं बुडवून ठेवा. स्पिरिटने बुरशी आणि जिवाणूंचा बंदोबस्त होतो, पण वर सांगितलेल्या व्हायरॉइडवर त्याचा भरवसा नाही.

थंडी ओसरताना

आच्छादन एका दिवसात ओढून काढू नका. आधी निम्मं, आठवडाभराने उरलेलं. रात्री अजून गोठवणाऱ्या असतील तर काढलेला पेंढा शेजारीच ठेवा, गरजेला परत घालता येतो. उभ्या ठेवलेल्या काड्या आता कापा. पेटीतले बुडखे उजेडात, 10 अंशांच्या आसपासच्या उबेला आणून पाणी द्या, दोन-तीन आठवड्यांत कोंब उठतील.

एखादा बुडखा गप्प राहिला तर लगेच टाकू नका. काही जाती इतरांपेक्षा कित्येक आठवडे उशिरा जाग्या होतात. बुडखा दाबून बघा: टणक असेल आणि नखाने खरवडल्यावर आत हिरवट-पांढरं दिसलं तर तो जिवंत आहे. मऊ, तपकिरी आणि वास येणारा असेल तर मात्र आशा सोडा.

नवी रोपं जुन्या काडीवरच्या फुटीपासून न घेता मातीतून वर आलेल्या कोंबांपासूनच घ्या, त्यांचा जोम वेगळाच असतो. 5 ते 7 सेंटिमीटरचा शेंडा पानाच्या पेराखाली कापा, खालची पानं काढा आणि ओल्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) दोन सेंटिमीटर खोल खोचा. 15 ते 18 अंशांना दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. मुळांसकट सुटा होणारा फुटवा मिळाला तर तो थेट लावला तरी चालतो. वाफ्यातला बुडखा दोन-तीन वर्षांचा झाला असेल तर उचलून फोडा, कडेचे ताजे तुकडे लावा आणि मधला लाकडासारखा झालेला भाग टाकून द्या.

रोप 15 सेंटिमीटरचं झालं की वरचा शेंडा दोन पानांसकट खुडा. पंधरा दिवसांत पानांच्या बगलेतून तीन-चार फांद्या निघतील. खत आता द्या, पातळ करून, आणि पहिली मात्रा संध्याकाळी ओल्या मातीतच.